अ‍ॅबर्डीनला एप्रिलमधला सॅमन: अण्णांना कुठे नेऊ?

खाडीपार, २ मार्च, रात्री १०:१०

मंडळी, सल्ला हवाय, जरा घाईचा आहे.

आई आणि अण्णा ८ एप्रिलला दीड महिन्यासाठी आमच्याकडे स्कॉटलंडात अ‍ॅबर्डीनला येताहेत. आईचा प्रश्न नाही, तिला नात पुरे. प्रश्न अण्णांचा. अण्णा आचऱ्याचे, वय ६७, त्यातली साठेक वर्षं खाडीत गरी टाकण्यात गेली. पाग, म्हणजे हाताने फेकायचं जाळं, अजून स्वतः विणतात आणि फेकतातही. मागच्या खेपेला नोव्हेंबरात आले होते. तेव्हा रोज सकाळी डी नदीच्या पुलावर, ब्रिज ऑफ डीवर जाऊन कठड्याला टेकून उभे राहायचे आणि घरी येऊन एकच वाक्य: "पाणी बरां आसा, मासो आसतलो." पण हंगाम संपलेला. या वेळी मी फोनवर कबूल करून बसलोय की वसंतातला सॅमन धरायला नेतो.

मला स्वतःला यातलं शून्य कळतं. नदीचा कुठला भाग, कुठला परवाना, खर्च किती, काठी इथलीच घ्यावी की अण्णांनी तंगूस (गळाची नायलॉन दोरी) गुंडाळलेलं आपलं लाकूड आणलं तरी चालेल? आणि मुख्य म्हणजे धरलेला मासा घरी आणता येतो का? आईने मसाला बांधायला घेतलाय.

---

उनाडमैना, २ मार्च, रात्री १०:३२

माहिती काही नाही, पण धागा धरून बसलेय. अण्णा आवडले.

---

पोटोबा, २ मार्च, रात्री १०:४१

साल्मन की सॅमन? आमच्या इथल्या हॉटेलात वेटर साल्मन म्हणतो आणि मी सॅमन म्हटलं की "ते नाही आमच्याकडे" म्हणतो.

---

नदीकाठचा नाना, ३ मार्च, सकाळी ७:१५

पंधरा वर्षं डीकाठच्या बँकरीत राहतोय, त्यातली बारा या नादात गेली. तेव्हा लांबलचक लिहिणार, चहा घेऊन बसा.

आधी परवान्याचा घोळ. स्कॉटलंडात इंग्लंडसारखं रॉड लायसन्स नाही, म्हणून नवीन माणसाला वाटतं की नदी मोकळीच आहे. अजिबात नाही. सॅमन धरण्याचा हक्क ही इथे जमिनीपासून वेगळी, खाजगी मालमत्ता आहे. काठावरचं शेत एकाचं आणि समोरच्या पाण्यात सॅमन धरायचा हक्क दुसऱ्याचा, असं सर्रास असतं. हक्कदाराच्या लेखी परवानगीशिवाय सॅमनसाठी गळ टाकणं हा गुन्हा आहे. मागच्या नोव्हेंबरात अण्णांनी पुलावरून नुसतं बघितलं ते बरं झालं. गरी टाकली असती तर बेलिफ, म्हणजे नदीचा राखणदार, येऊन काठीसकट घेऊन गेला असता.

तर नदीचे तुकडे पाडलेले असतात, त्यांना बीट म्हणतात. एकेका बीटावर दिवसाला ठरावीक काठ्या. फिशपाल नावाच्या साइटवर तारीख बघून दिवसाचा परवाना घेता येतो. शहराजवळ स्वस्तात हवं असेल तर अ‍ॅबर्डीन अँड डिस्ट्रिक्ट अँगलिंग असोसिएशनकडे चौकशी करा, त्यांच्याकडे डी आणि डॉन या दोन्ही नद्यांवर पाणी आहे. रविवारचा विचार मनातून काढून टाका, स्कॉटलंडभर रविवारी सॅमनला सुट्टी.

आता कुठे. डीचा हंगाम १ फेब्रुवारी ते १५ ऑक्टोबर. वसंतातला मासा समुद्रात दोन किंवा जास्त हिवाळे काढून, ग्रीनलंडपर्यंत चरून आलेला असतो. एकच हिवाळा काढून उन्हाळ्यात येतो तो ग्रिल्स, लहान. वसंतातला जाड, चांदीसारखा, अंगात ताकद मावत नाही. पण पाणी गार असलं की तो आळशी. आमच्या इथले गिली, म्हणजे बीटावरचे वाटाडे, ४२ फॅरनहाइटचा आकडा जपतात, म्हणजे साडेपाच सेल्सियस. पाणी त्याच्या खाली असेल तर मासा धबधबा, बांध असलं काही चढायला बघत नाही, खालीच थबकून राहतो. म्हणून फेब्रुवारी-मार्चमध्ये बँकरीच्या खालचे बीट बघायचे, पार्क, ड्रम, क्रेथीस हा पट्टा. एप्रिलमध्ये बँकरी ते अबॉइन. मे उजाडला की अबॉइनच्या वर, बॅलटरपर्यंत. तुमच्या तारखांना मी डोळे झाकून मधला पट्टा घेईन.

कसं धरायचं ते संध्याकाळी लिहितो, ऑफिस आहे.

---

खाडीपार, ३ मार्च, सकाळी ७:५०

नाना, साष्टांग. घरी आणायचं काय ते मात्र तुम्ही शिताफीने टाळलंत.

---

टे-काठची, ३ मार्च, दुपारी १२:२०

नानांच्या बाकी सगळ्याला अनुमोदन, पण माझं मत वेगळं. ६७ वर्षांच्या माणसाला एप्रिलमध्ये डीच्या पाण्यात मांडीभर उभं करणार? पाणी सहा-सात अंशांचं, तळाला शेवाळलेले गोटे. त्यापेक्षा टे नदीवर आणा. अ‍ॅबर्डीनहून गाडीने दोनेक तास. टेच्या खालच्या अंगाला, आयला नदी मिळते तिथे मिक्लूरच्या आसपास, होडीतून मासेमारी चालते. त्याला हार्लिंग म्हणतात: होडीवाला प्रवाहात होडी आडवी आडवी सरकवत खाली नेतो आणि मागे दोन-तीन काठ्यांची आमिषं फिरत राहतात. अण्णा घोंगडी पांघरून बसतील आणि मासा लागला की काठी उचलतील. टेचा हंगाम १५ जानेवारीलाच उघडतो, पाइप बँड लावून आणि होडीवर व्हिस्की शिंपडून.

शिवाय ब्रिटनमध्ये गळाने धरलेला सर्वांत मोठा सॅमन टेवरचाच आहे. जॉर्जिना बॅलंटाइन नावाच्या बाईंनी ७ ऑक्टोबर १९२२ ला ग्लेनडेल्विनच्या पाण्यात धरला, ६४ पौंड, म्हणजे एकोणतीस किलो. वडील वल्हं मारत होते. दोन तासांवर झुंज चालली. शंभर वर्षं होऊन गेली, अजून कुणाला मोडता आलेला नाही. बापलेकीची जोडी आहे म्हणून सांगितलं, तुम्ही बापलेक या.

---

नदीकाठचा नाना, ३ मार्च, दुपारी १:०५

हार्लिंगमध्ये मासा होडीवाला धरतो, आपण फक्त बिल धरतो.

---

टे-काठची, ३ मार्च, दुपारी १:०९

आणि डीवर फ्लायवाले काय धरतात ते मला माहीत आहे. सर्दी.

---

मालवणी मसालो, ३ मार्च, दुपारी ३:३०

भांडा नको रे. खाडीपार, अण्णांका सांग, गाबोळी लावल्यार मोठो मासो येताच येता.

---

फ्रेझरकाठी, ३ मार्च, संध्याकाळी ५:४५ (इथे सकाळ)

व्हँकुव्हरहून लिहितोय. धाग्यात वसंत आणि सॅमन वाचून धावत आलो, पण तुमचा मासा वेगळा निघाला. आमच्याकडे ब्रिटिश कोलंबियात 'स्प्रिंग' हे माशाचंच नाव आहे. चिनूक जातीला इथे स्प्रिंग म्हणतात, मग तो ऑक्टोबरात का येईना. तीस पौंडांच्या वर गेला की त्याची बढती होते, मग त्याला टायी म्हणायचं.

चिलिवॅक गावाजवळ व्हेडर नदीवर आम्ही जातो. तिथे मालवणी मसालो म्हणतात तशी गाबोळीच लावतात. सॅमनची अंडी मीठ-साखरेत मुरवून, बोराएवढा लगदा गळाला, वर तरंगणारं बुच, खाली शिसं, आणि तळापासून वीतभर वर आमिष वाहत जाईल असं मोजून सोडायचं. गळ एकेरी आणि बिनकाट्याचाच लागतो. परवाना घरबसल्या ऑनलाइन मिळतो, सॅमन ठेवायचा असेल तर त्यावर जादा शुल्क. नदीला मालक नाही. म्हणून पहाटे पाच वाजता खांद्याला खांदा लावून दादर स्टेशनसारखी रांग. तुमच्या बीटांबद्दल वाचून हेवा वाटला आणि रागही आला.

एक फरक महत्त्वाचा. आमचे पॅसिफिकचे सगळे सॅमन अंडी घातली की मरतात. तुमच्या अटलांटिकवाल्यांतले काही जगून परत समुद्रात जातात ना?

---

नदीकाठचा नाना, ३ मार्च, रात्री ९:२०

फ्रेझरकाठी, बरोबर. अंडी घालून परत निघालेल्या रोडक्या माशाला इथे केल्ट म्हणतात, आणि वसंतात नवख्यांची हमखास फजिती तोच करतो. तोही चांदीसारखा चमकायला लागलेला असतो, पण पोट खपाटीला, डोकं अंगापेक्षा मोठं दिसतं, शेपटीचे परे झिजलेले आणि कल्ल्यांत बारीक पांढरे किडे. केल्ट धरून ठेवणं बेकायदा आहे. फेब्रुवारीत लागलेल्या पहिल्या माशाचा फोटो मी सगळ्या नातेवाइकांना पाठवला होता. केल्ट निघाला. नातेवाइकांना अजून सांगितलेलं नाही.

आता पद्धत. डीवर बहुतेक बीटांवर फक्त फ्लाय, म्हणजे पिसं-केस बांधून केलेलं खोटं आमिष. मसालोभाऊ, गाबोळीचा विचार सोडा. आणि विचार केला तर अर्थही नाही, कारण नदीत शिरलेला सॅमन खातच नाही. समुद्रात जे खाल्लं त्याच्या चरबीवर तो महिनोन्महिने काढतो. मग फ्लाय का पकडतो? चिडून म्हणा, जुन्या सवयीने म्हणा. प्रत्येक गिलीचं उत्तर वेगळं असतं आणि प्रत्येकाला आपलंच खरं वाटतं.

काठी दोन हातांची, चौदा-पंधरा फुटी. मागे झाडं असतात म्हणून डोक्यावरून दोरी मागे फेकता येत नाही. स्पे कास्ट करावा लागतो. दोरी आधी पाण्यावरून ओढून आपल्या बाजूला टेकवायची, मागे तिचा पोटासारखा फुगा झाला की त्याच फुग्याच्या वजनावर पुढे फेकायची. ताकद लावली की फसतं. प्रवाहाच्या खाली साधारण पंचेचाळीस अंशांत टाका, प्रवाह दोरी ओढायला लागला तर तिचं पोट वरच्या अंगाला पलटवा, आणि मग काहीही करू नका. फ्लाय आपोआप कमानीत फिरत तुमच्या काठाला येते. दोन पावलं खाली सरका. पुन्हा तेच. दिवसभर. गार पाण्यात फ्लाय हळू आणि खोल फिरली पाहिजे, म्हणून बुडणारी दोरी आणि नळीवर बांधलेली जड फ्लाय. पाणी नऊ अंशांच्या पुढे गेलं की तरंगती दोरी आणि बोटाच्या पेराएवढी फ्लाय.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचं, हे अण्णांना आत्तापासून फोनवर घोकायला लावा: मासा लागल्यासारखं वाटलं की झटका द्यायचा नाही. सॅमन फ्लाय तोंडात घेऊन वळतो. तो वळला, दोरी ताणली, रीळ बोलायला लागलं की मग सावकाश काठी उचलायची. आधी उचललीत की त्याच्या तोंडातून काढून घेतलीत.

पातळी घरी बसून बघा, पार्क आणि वुडएंडच्या मापकांचे आकडे सेपाच्या (स्कॉटलंडच्या पर्यावरण संस्थेच्या) साइटवर येतात. आदल्या रात्री पाऊस पडून नदी चढली असेल तर चढताना नाही, उतरायला लागल्यावर जा. एक खास एप्रिलची भानगड: दुपारी ऊन पडलं की केर्नगॉर्मच्या डोंगरांवरचं बर्फ वितळून पाणी खाली येतं, गारढोण, आणि मासे एकदम बंद होतात. आपल्याला वाटतं ऊन आलं म्हणजे बरं.

---

निरामिष, ४ मार्च, सकाळी ८:४०

म्हणजे जो मासा खात नाही, त्याला खोटं आमिष दाखवून चिडवायचं, आणि याचे दिवसाला पैसे द्यायचे. साहेबाच्या बुद्धीला तोड नाही.

---

कायद्याचं बोला, ४ मार्च, सकाळी ९:३०

खाडीपार, १ एप्रिलनंतर एक मासा घरी नेता येतो. १ एप्रिलच्या आधी सोडावाच लागतो. मसाला बांधू द्या काकूंना.

---

नदीकाठचा नाना, ४ मार्च, सकाळी १०:००

थांबा, थांबा, अर्धं सांगून माणसाला अडकवू नका. १ एप्रिलच्या आधीचा प्रत्येक सॅमन सोडायचा, हा नियम २०१५ पासून स्कॉटलंडभर आहे. त्यानंतर मात्र नदी कुठल्या श्रेणीत आहे त्यावर ठरतं. तीन श्रेणी आहेत, तिसऱ्या श्रेणीत वर्षभर सक्तीने सोडायचा, आणि यादी दरवर्षी नव्याने येते. ज्या नदीवर जाणार तिचं त्या वर्षीचं बघूनच जा. डीवर तर श्रेणी काहीही असो, नदीचं स्वतःचं धोरणच आहे: सगळे सोडायचे, वर्षभर. म्हणून मी शिताफीने टाळत होतो. माफ करा.

---

खाडीपार, ४ मार्च, सकाळी १०:२०

गेली का इज्जत. हे मी आईला सांगू की अण्णांना?

---

मालवणी मसालो, ४ मार्च, सकाळी १०:४५

मासो धरूचो आणि परत सोडूचो? ह्यां खंयचां शहाणपण? मगे धरूचो कित्याक?

---

निरामिष, ४ मार्च, सकाळी ११:०२

आयुष्यात पहिल्यांदा मासेखाऊ माणसाशी माझं एकमत झालंय. खायचं असेल तर मारा, समजू शकतो. नुसत्या मजेसाठी एका जिवाच्या तोंडात गळ अडकवून फोटो काढून सोडायचं, याला खेळ म्हणायचं? हा प्रश्न मी गमतीने विचारत नाहीये.

---

टे-काठची, ४ मार्च, दुपारी १२:४०

निरामिष, प्रश्न रास्त आहे आणि मला त्याचं गुळगुळीत उत्तर देता येत नाही. मी स्वतः मासे धरते आणि पहिल्या वर्षी रात्री झोपताना हेच डोक्यात यायचं.

जे दिसतं ते सांगते. अटलांटिक सॅमनची ग्रेट ब्रिटनमधली संख्या इतकी घटली की २०२३ मध्ये त्याला धोक्यातल्या जातींच्या जागतिक यादीत टाकलं. त्याच वर्षी स्कॉटलंडात गळाला लागलेले सॅमन १९५२ पासूनच्या नोंदींत सर्वांत कमी होते. समुद्रात गेलेल्यातले फार थोडे परत येतात, आणि त्यावर नदीकाठच्या माणसाचा काही इलाज नाही. नदीतलं जे हातात आहे त्यासाठी पैसा लागतो. नदीची मंडळं चालतात ती मासेमारीच्या हक्कदारांवर लावलेल्या पट्टीतून. बेलिफांचा पगार त्यातूनच. डीचा ट्रस्ट उपनद्यांच्या काठी दहा लाख झाडं लावायला निघालाय, कारण सावली नसेल तर उन्हाळ्यात पाणी तापून पिल्लं मरतात. काठीवाले उद्या गेले तर या नदीसाठी भांडायला कोण उरेल, मला माहीत नाही.

पण म्हणून माशाला दुखत नसेल असं मी म्हणणार नाही. बिनकाट्याचा गळ, बिनगाठींची जाळी, मासा पाण्याबाहेर काढायचा नाही, तोंड प्रवाहाकडे करून तो स्वतःहून निसटेपर्यंत धरून ठेवायचा. उन्हाळ्यात पाणी वीस अंशांकडे गेलं की आम्ही काठ्या गुंडाळतो, कारण तेव्हा सोडलेला मासाही जगत नाही.

---

निरामिष, ४ मार्च, दुपारी १:१५

पटलं असं म्हणत नाही. पण सरळ उत्तर दिल्याबद्दल आभार.

---

वलगण, ४ मार्च, रात्री ८:५०

मी पेणचा. हे सगळं वाचताना आमच्याकडचे वलगणीचे मासे आठवत होते, दक्षिण कोकणात तुम्ही चढणीचे म्हणता ते. मृगाचा पहिला जोरदार पाऊस झाला, ओढ्याला लाल पाणी आलं की रात्री बॅटऱ्या, टोपल्या, झोळण्या घेऊन सगळं गाव शेताच्या बांधांवर. पोटात गाबोळी भरलेले मासे पाण्याच्या उलट उड्या मारत शेतात चढतात अंडी घालायला, आणि आपण त्यांना वाटेतच उचलतो. लहानपणी दोन बादल्या मिळायच्या. मागच्या वर्षी माझ्या पुतण्याला मिळाले मूठभर, तेही चिंगळ्या धरून. समुद्रात १ जून ते ३१ जुलै बंदी असते, ओढ्यात कुणाची बंदी? आम्ही अंड्यांवर आलेलेच खाऊन टाकले.

त्यामुळे मसालो, "सोडायचा तर धरायचा कशाला" यावर मी आता पूर्वीसारखा हसत नाही.

---

पोटोबा, ४ मार्च, रात्री ९:१०

वातावरण गंभीर झालंय म्हणून माझं अवांतर. मुंबईत ज्याला 'इंडियन सॅमन' म्हणून विकतात तो आपला रावस. त्याचा आणि सॅमनचा काडीचा संबंध नाही, घराणंच वेगळं. साहेबाला घरची आठवण आली की जो दिसेल त्या माशाला सॅमन म्हणायचा. त्याने नदीतल्या महसीरलाही तेच नाव दिलं होतं. काकूंचा मसाला फुकट जायला नको असेल तर रावस आणा.

---

उनाडमैना, ४ मार्च, रात्री ९:१८

अ‍ॅबर्डीनला रावस कुठून आणणार, पोटोबा?

---

पोटोबा, ४ मार्च, रात्री ९:२१

तो तपशील झाला.

---

फ्रेझरकाठी, ५ मार्च, सकाळी

सोडण्यावरून आठवलं. आमच्याकडेही सगळं आलबेल नाही. फ्रेझर नदीवर २०१८ च्या हिवाळ्याच्या तोंडाला बिग बारजवळ कडा कोसळला. जागा इतकी आडरानात की २०१९ च्या जूनपर्यंत कुणाच्या लक्षातच आलं नाही. नदी अरुंद घळीतून धबधब्यासारखी पडायला लागली आणि वर जाणारे मासे अडकले. काही तर हेलिकॉप्टरने उचलून वर नेले. फ्रेझरच्या लवकर येणाऱ्या स्प्रिंगवर आता कडक बंधनं आहेत. आमच्या किनाऱ्यावरच्या ओर्का देवमाशांचं मुख्य खाणंही हाच मासा, आणि ते देवमासे उरलेत सत्तरपंच्याहत्तर. व्हेडरवर धरता येतो तो बराचसा हॅचरीतून, म्हणजे अंडी उबवून पिल्लं वाढवतात तिथून, सोडलेला.

असो. अण्णांना शुभेच्छा. निकाल कळवा.

---

नदीकाठचा नाना, ५ मार्च, रात्री १०:००

खाडीपार, शेवटचं. पहिल्याच दिवशी गिली असलेला बीट घ्या. दोन पैसे जास्त जातील, पण कुठल्या गोट्यामागे मासा थांबतो हे त्याला माहीत असतं आणि वेडर्स (पाण्यात उतरायची जलरोधक पँट), काठी, जीवरक्षक जॅकेट बहुतेक तोच देतो. अण्णा पाण्यात गुडघ्याच्या वर उतरणार नाहीत एवढं बघा. आणि परवाना घ्यायच्या आधी एक रविवार फुकटात घालवा: बँकरीला फॉल्स ऑफ फ्यूखच्या पुलावर उभे राहा. पाणी पुरेसं तापलं असेल तर सॅमन धबधबा चढताना दिसतील. अण्णांना पुलावरून पाणी बघायची सवय आहेच.

---

खाडीपार, २ मे, रात्री ११:३०

दोनेक महिने गायब होतो, क्षमस्व. अहवाल देतो.

टे-काठची, तुमचं न ऐकता डीवरच गेलो, कारण अण्णांना होडीत बसून दुसऱ्याने मासा धरायचा ही कल्पनाच पसंत पडली नाही. आधी फ्यूखचा पूल. पहिल्या रविवारी काहीच नाही. दुसऱ्या रविवारी अकराच्या सुमाराला एक वर आला, कातळावर आपटला, परत खाली. मग दुसरा. अण्णा तीन तास जागचे हलले नाहीत. आई गाडीत बसून भजन ऐकत होती. परत येताना अण्णा एवढंच म्हणाले, "चढणीचो मासो तो. सारखोच." वलगण, तुमचा प्रतिसाद मी त्यांना वाचून दाखवला होता. काही बोलले नाहीत.

मग परवा बँकरीच्या वरच्या एका बीटावर गेलो. गिली साठीचा, बोलायला तुटक. त्याचं इंग्रजी मला निम्मं कळत होतं आणि अण्णांना अजिबात नाही, तरी त्या दोघांचं चांगलं चाललं होतं. मी कास्ट शिकायला गेलो तर पाठीत फ्लाय अडकवून घेतली. अण्णांनी दहा-पंधरा मिनिटं गिलीचे हात बघितले. पहिले चार-पाच कास्ट फसले. मग ते मला म्हणाले, "पागासारखांच आसा रे. वजन पाठी गेलां की सोडूचां." आणि सोडलं. दोरी सरळ. गिलीने टोपी मागे सरकवली.

नाना, अडीच वाजता तुम्ही म्हणालात तेच झालं. ऊन पडलं, गिलीने पाण्यात तापमापक धरला आणि तोंड वाकडं केलं. आम्ही चहा प्यायलो. चार वाजता ढग आले, अण्णा पुन्हा उतरले. साडेचारच्या सुमाराला फ्लाय कमानीच्या शेवटाला आली होती, दोरी थांबली. मी काठावरून बघत होतो. थांबली म्हणजे थांबलीच. आणि अण्णांनी साठ वर्षं जे केलं तेच केलं. झटका.

पाण्यात एक मोठी चंदेरी पाठ गोल फिरली, परातीएवढं वर्तुळ उठलं आणि दोरी सैल.

महिनाभर फोनवर घोकलं होतं, नाना. रोज. "झटको दिवचो नाय" हे आईला पाठ झालं होतं. अण्णा पाण्यात तसेच उभे. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "सवय ती. हात आपसूक उठलो." गिली हसत नव्हता, त्याने फक्त आपल्या हाताने झटक्याची खूण करून स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं. म्हणजे मीही.

बस, एवढंच. दिवसभरात तेवढीच एक.

---

मालवणी मसालो, ३ मे, सकाळी ६:१०

धरलोच नाय तर सोडूचो प्रश्न मिटलो. निरामिष खूश, मी पण खूश.

---

निरामिष, ३ मे, सकाळी ८:००

मासा सगळ्यात खूश.

---

टे-काठची, ३ मे, सकाळी ९:२५

वाचताना माझाच हात उचलला गेला. किती पौंडांचा असेल म्हणाला गिली?

---

खाडीपार, ३ मे, सकाळी ९:४०

गिली म्हणाला दहा-बारा. अण्णांच्या मते वीस. काल आईशी बोलताना पंचवीसवर गेला होता.

---

पोटोबा, ३ मे, सकाळी १०:०५

आणि मसाल्याचं काय झालं? मूळ प्रश्नातला तेवढाच भाग मला कळला होता.

---

खाडीपार, ३ मे, सकाळी १०:३०

दुकानातून शेतीचा सॅमन आणला होता. आईने तिरफळं घालून केला. अण्णांनी एक तुकडा खाल्ला, "चरबी आसा नुसती" म्हणाले आणि बाजूला सरकवला. गळाने धरलेला सॅमन विकायलाच बंदी आहे, त्यामुळे नदीतला विकत मिळण्याचा प्रश्नच येत नाही. दुसऱ्या दिवशी पीटरहेडचा ताजा हॅडॉक मिळाला, त्याचं हुमण केलं, तेव्हा कुठे घरात शांतता झाली.

---

नदीकाठचा नाना, ३ मे, दुपारी १:००

अण्णा २५ मेपर्यंत आहेत ना? १४ तारखेला अबॉइनच्या वर माझी एक काठी आहे, सोबतच्या माणसाचं रद्द झालंय. तरंगत्या दोरीचं पाणी असेल, मासा घेतो ते डोळ्यांनी दिसतं. त्यांना पाठवा. मी शेजारी उभा राहून हात धरतो.

---

खाडीपार, १० जून, रात्री ९:४५

उशिरा कळवतोय. नानांबरोबर १४ मेला अण्णा जाऊन आले. नानांनी खरंच कोपर धरून ठेवलं होतं म्हणे. सात पौंडांचा, समुद्रातून नुकताच आलेला, पोटाला समुद्री उवा चिकटलेल्या. जाळीतच ठेवून गळ काढला, वर उचलला नाही, म्हणून फोटो धड नाही: पाणी, जाळी आणि अण्णांची करंगळी. सोडताना तो पळून जाईना, त्यांच्या हातात मिनिटभर तसाच थांबला. नाना म्हणतात, अण्णा त्याच्याशी मालवणीत बोलत होते. काय ते दोघेही सांगत नाहीत.

आज संध्याकाळी आचऱ्याला फोन केला. आईने उचलला. पाऊस लागलाय, अण्णा बॅटरी घेऊन व्हाळावर गेलेत. टोपली न्यायला विसरले, म्हणाली.